उत्तर आलं पायजे

"आधी बरोबर काय चालून राहिलं ते सांगतो, मॅडम."

काकांचा फोन असा सुरू व्हायचा. तक्रार करायला फोन केलेला माणूस गोड बोलू लागला की आपण सावध होतो. पण काकांचं ते गोड बोलणं नसायचं, ती यादी असायची. "लॉगिन होते. गाडीचा नंबर घेते. वजन येते. पर्चीचं बटण दिसते." मग एक मोठा श्वास. "आता अडते कुठं, ते लिहून घ्या."

आणि लिहून घ्यावंच लागायचं. मी नुसतं हं हं करतेय असं वाटलं की ते थांबायचे आणि विचारायचे, "पेन हाय ना हातात?"

मी तेव्हा रायपूरला नवीन होते. साताऱ्याकडची मुलगी, ब्राह्मणपाऱ्यात एका जुन्या घराच्या माडीवर भाड्याची खोली, आणि ऑफिस म्हणजे एका दुकानाच्या वरच्या दोन खोल्या, ज्यांत आम्ही सहाजण सॉफ्टवेअर लिहायचो. शहराबाहेरच्या सिलतरा आणि उरल्याच्या कारखान्यांत मालाचे ट्रक ज्या मोठ्या काट्यावर तोलतात, त्या काट्यासाठीचं ॲप आमचं होतं. ट्रक काट्यावर चढला की नंबर टाकायचा, वजन आपोआप यायचं, पर्ची निघायची. सोपं वाटतं ना? मलाही वाटलं होतं. हिंदी मला शाळेपुरतं येत होतं, ऑफिसात कुणी मराठी बोलत नव्हतं, आणि रविवारी मी घरी फोन करून "सगळं छान आहे" असं सांगायचे. कुठून कुठवर छान आहे, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

तक्रारी मात्र ढीगभर यायच्या. "नहीं चल रहा है।" "हँग हो गया।" "कल से गड़बड़ है।" तुम्ही डॉक्टर असा, शिंपी असा की शिक्षक, हे दुखणं तुम्हाला ठाऊक असेल. समोरचा माणूस सांगतो, "कसंतरी होतंय," आणि आपण बरं करावं अशी अपेक्षा करतो. अशा ढिगात एके दिवशी सिलतऱ्याच्या एका काट्यावरून वहीच्या पानाचा फोटो आला. रेघांच्या वहीचं पान, निळ्या शाईत, ठळक अक्षरात तीन मथळे : काय केलं. काय झालं. काय व्हायला पाहिजे होतं. मजकूर मराठीत, तोही रायपुरात. मी तो फोटो दोनदा मोठा करून पाहिला.

भरलेली गाडी तोलून ती काट्यावरून उतरल्यावर दुसरी गाडी चढवली, तर दुसरीच्या पर्चीवर पहिलीचंच वजन आलं, असा मामला होता. खाली वेळ, दोन्ही गाड्यांचे नंबर, आणि "ऊन नव्हतं, स्क्रीन साफ होता" अशी तळटीप. मी काय केलं असेल? तरुण होते, घाईत होते, आणि आमच्या ऑफिसात ते बिघडत नव्हतं. मी लिहिलं : "कृपया रीफ्रेश करून पाहावे."

तासाभरात दुसरं पान आलं. "रीफ्रेश केलं. नऊ गाड्यांवर करून पाहिलं. सातदा चुकलं, दोनदा नाही चुकलं. दोनदा काहून नाही चुकलं, ते तुमी पाहा."

खरं सांगते, मला राग आला. काट्यावर बसणारा माणूस मला माझं काम शिकवतोय! त्या रागातच मी दुसऱ्या दिवशी सिलतऱ्याला गेले.

सिलतऱ्याला धूळ काळी असते. काट्याच्या केबिनमध्ये शिरेपर्यंत माझी ओढणी काळवंडली होती. आत काका बसले होते. साठीला टेकलेले, बारीक अंगाचे, खिशाला दोन पेनं. टॅबला त्यांनी दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक गुंडाळलं होतं. मला खुर्ची दिली, स्वतः उभे राहिले आणि म्हणाले, "तुमी बोलू नका. फक्त पाहा."

मी पाहिलं. आमच्या ऑफिसात आम्ही एक ट्रक तोलायचो, म्हणजे एक बटण दाबायचो, पर्ची निघेपर्यंत थांबायचो, मग दुसरं. इथं कोण थांबतं? मागं वीस ट्रक हॉर्न वाजवत उभे. पहिल्याची पर्ची निघायच्या आत दुसऱ्याची पुढची चाकं काट्यावर. ॲप बिचारं गोंधळून जुनाच आकडा धरून बसायचं. मग सात वेळा चुकणार नाही तर काय?

"आणि ते दोन?" मी विचारलं.

काकांनी वही उघडली. "एक ड्रायव्हर खैनी मळत बसला होता, उशिरा आला. दुसऱ्याची गाडी चालू होऊन नव्हती राहिली. म्हणून काटा मोकळा होता." मग माझ्याकडे बघून हसले. "चुकते कवा हे सगळेच सांगतात, मॅडम. नाही चुकत कवा, हे कोणी पाहत नाही."

परत येताना टेम्पोत माझा राग कुठं गेला कळलंच नाही. त्या एका वाक्यावर मी पुढची पाच वर्षं पगार घेतला म्हटलं तरी चालेल.

आमच्या ऑफिसात त्यांचं नाव पडलं शिकायतवाले अंकल. त्यांचा फोन आला की पोरं हसत माझ्याकडे द्यायची, "दीदी, आपके अंकल।" हळूहळू मात्र अशी वेळ आली की नवीन काही बनवलं की आमचे साहेबच म्हणायचे, पहले अंकल को भेजो.

एकदा मी त्यांना विचारलं, हे असं लिहायला कुणी शिकवलं? त्यांनी सांगितलं ते मी जसंच्या तसं लक्षात ठेवलंय. त्यांचे वडील भंडाऱ्याकडून रेल्वेच्या नोकरीत रायपूरला आले. लाइनीतल्या क्वार्टरांत लिहिता येणारे ते एकटेच, त्यामुळे सगळ्यांचे अर्ज तेच लिहायचे. बदलीचा, छपराचा, नळाचा. "बाबा म्हणत, अर्जात रडाचं नाही. रडलं का साहेब पान पलटवते. काय केलं, काय झालं, काय व्हायले पायजे होतं. बस." एकदा नळाचा अर्ज दीड वर्षानं परत आला. त्यावर लिहिलं होतं, नामंजूर. लाइनीतली माणसं चिडली, पण वडिलांनी पेढे वाटले.

"पेढे? नामंजूर झाल्यावर?"

"हव. म्हणाले, नाही म्हणाले तं म्हणाले, वाचलं तं कोणी! उत्तर आलं पायजे, मॅडम. मंग ते नाही का असेना."

काका हे नेहमी म्हणायचे. बिघाड दुरुस्त केला नाही तर त्यांची हरकत नसायची. "आत्ता जमणार नाही" असं लिहिलं तरी चालायचं. पण पान पाठवून दोन दिवस गप्प राहिलं की तिसऱ्या दिवशी कोऱ्या पानाचा फोटो यायचा. त्यावर फक्त तारीख. तो मला मारलेला टोमणा होता आणि तो बरोबर लागायचा. पुढं मला सवयच लागली, काहीही आलं तरी त्याच दिवशी चार शब्द का होईना लिहायचे.

काका निवृत्त झाले. त्यांची बायको आधीच गेली होती, एकुलती मुलगी हैदराबादला. उरल्याजवळच्या वस्तीत दोन खोल्यांचं घर, त्यात ते एकटे. निवृत्तीनंतर आठ दिवसांनी त्यांचा फोन आला. या वेळी बरोबर काय चाललंय याची यादी नव्हती. म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडं काही तपासाले हाय का? कायबी असू द्या."

मग मी त्यांना नव्या ॲपची कच्ची प्रत त्यांच्या फोनवर देऊ लागले. साहेबांची हरकत नव्हती. वहीच्या पानांऐवजी आता ॲपमध्येच एक फॉर्म होता. त्यात मी त्यांचेच तीन मथळे घातले होते, हे पाहून त्यांनी फॉर्मचा फोटो काढून मुलीला पाठवला. रोज सकाळी सव्वाआठला त्यांचा रिपोर्ट यायचा. गाड्या नव्हत्या, काटा नव्हता, तरी ते घरात बसून खोटे नंबर टाकून खोट्या गाड्या तोलायचे. आणि मी माडीवरच्या खोलीत चहा घेत ते वाचायचे. त्या शहरात रोज सकाळी मला मराठीत कुणीतरी काहीतरी सांगत होतं. रिपोर्ट आला नाही तर माझा चहा बेचव व्हायचा, हे आज कबूल करायला हरकत नाही.

एकदा रिपोर्ट आला : बटण एकदा दाबलं, दोनदा लागलं. मी तपासलं, माझ्याकडं एकदाच लागत होतं. ऑफिसात सहाही जणांनी दाबून पाहिलं. काका मात्र रोज तेच लिहीत होते, आणि काका चुकीचं लिहीत नाहीत हा आता आमच्याकडे नियमच झाला होता. शेवटी एका रविवारी मी त्यांच्या घरी गेले.

स्वच्छ घर. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली खुर्चीवर घडी घातलेलं वर्तमानपत्र. काकांनी चहा केला आणि बशी माझ्यासमोर आणली. कप बशीवर सारखा वाजत होता. मी कपाकडे पाहिलं, मग त्यांच्या हाताकडे. फोनवर बटण दाबून दाखवताना बोट काचेवर एकदा टेकत नव्हतं, दोनदा टेकत होतं.

मी चहा प्यायले, मुलीची चौकशी केली, परत आले. सोमवारी ॲपमध्ये बदल केला : एका सेकंदात बटण पुन्हा लागलं तर दुसरं धरू नये. आणि त्यांना लिहिलं, "आमची चूक होती. दुरुस्त केली आहे."

मंगळवारी सव्वाआठला उत्तर आलं. "तपासलं. आता एकदाच लागते. पण मॅडम, चूक तुमची नव्हती, माझ्या हाताची हाय. डॉक्टरनं कंपवात सांगितला. रिपोर्ट खरा पायजे, म्हणून कळवून राहिलो. मुलीले अजून सांगितलं नाही."

त्या दिवसापासून ते मला बेटा म्हणू लागले.

आता पुढचं सांगायला मला आवडत नाही, पण सांगते.

मला नव्या रायपुरातल्या एका मोठ्या ऑफिसात नोकरी लागली. काकांना सांगायचं होतं. फोनवर नको, रविवारी जाऊन सांगू, असं चार रविवार म्हणत राहिले. सांगायचं राहून गेलं असं आपण म्हणतो. राहून बिहून गेलं नाही, मला धीर झाला नाही. जाण्याआधी शेवटचं काम म्हणून मी एक सोय केली. माझ्या जागी लगेच कुणी येणार नव्हतं. रिपोर्ट उत्तराविना पडून राहू नयेत, म्हणून ॲप आपणहून उत्तर देईल असं करून ठेवलं. "आपला रिपोर्ट मिळाला. आभारी आहे. कृपया फोनचं मॉडेल आणि ॲपचं व्हर्जन कळवावं." पंधरा दिवसांत त्या निरोपाखालीच माहिती आली नाही, तर रिपोर्ट आपोआप बंद. आणि निरोप कोरडा वाटू नये म्हणून खाली माझं नाव घातलं. उत्तर आलं पाहिजे, हे मी काकांकडूनच शिकले होते ना!

नव्या नोकरीत मी बुडाले. सुरुवातीला दोनतीनदा काकांचा फोन आला. पलीकडून नुसती खरखर ऐकू यायची. मी म्हणायचे, "काका, आवाज येत नाहीये, मी नंतर करते." आणि नंतर येतच नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

आठ महिन्यांनी जुन्या ऑफिसातल्या एका मुलाचा फोन आला. "दीदी, अंकल के बहुत सारे रिपोर्ट पड़े हैं। उत्तर में आपका नाम जा रहा है। हटा दें क्या?"

मी म्हटलं, थांब, मला आधी बघू दे.

त्यानं पाठवले, एकूण एकवीस होते; रोजचा रिपोर्ट आता आठवड्याला एखादा झाला होता. सगळे बंद. प्रत्येकाखाली एकच शेरा : माहिती न मिळाल्यामुळे बंद. माहिती त्यांनी दरवेळी दिली होती. पण प्रत्येक गोष्टीला नवं पान, ही त्यांची जन्माची सवय. निरोपाखाली न लिहिता ते नवा रिपोर्ट लिहायचे, आणि त्या नव्या रिपोर्टला यंत्र पुन्हा तोच प्रश्न विचारायचं. माझ्या नावानं.

"मॅडम, मॉडेल आणि व्हर्जन खाली लिहिलं हाय." हा दुसरा.

"मॉडेल मागच्या हप्त्यात पाठवलं होतं. पोचलं नसेल. परत पाठवून राहिलो." हा पाचवा.

"बेटा, तुमच्या मागं काम फार दिसते. सावकाश पाहा. पण उत्तर लगेच देता, त्याचं बरं वाटते." हा नववा. तो वाचून मी खुर्चीवरून उठले, खिडकीपाशी गेले, परत आले.

चौदावा सगळाच इथं देते.

"काय केलं : बेटाले रिपोर्ट पाठवला. काय झालं : तिनं तेच विचारलं, जे आधी तेरा वेळा विचारलं. काय व्हायला पाहिजे होतं : तिले आठवाले पायजे होतं. बेटा, तब्येत बरी हाय ना? माझ्या बाबांचं अखेरीले असंच झालं होतं. एकच गोष्ट विचारत राहत. तुमी एकट्या राहता. डॉक्टरले दाखवून घ्या. लाजू नका, मीबी दाखवलं."

खाली उत्तर : आपला रिपोर्ट मिळाला. आभारी आहे. आणि माझं नाव.

मी रडले. ऑफिसात, सगळ्यांसमोर, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

शेवटचा रिपोर्ट दोन महिन्यांपूर्वीचा होता. अक्षरं मधेच दुहेरी पडली होती, शब्द तुटले होते. "फोन केला तं माझा आवाज पोचत नाही. आवाजबी बसला आता. म्हणून दोन ऑटो बदलून ऑफिसात येऊन गेलो. पायऱ्या चढवल्या नाही. खालच्या दुकानदारानं सांगितलं, त्या मॅडम तं कवाच्याच गेल्या. मंग उत्तर कोण देऊन राहिलं?"

त्यालाही उत्तर गेलं होतं. माझ्या नावानं, त्याच मिनिटाला.

मी लगेच त्यांचा नंबर लावला. फोन मुलीनं उचलला. मराठी तिला कळतं, बोलते हिंदीत. ती वडिलांना हैदराबादला घेऊन गेली होती. मी नाव सांगताच ती म्हणाली, "दीदी, आप ठीक हैं? पापा बहुत चिंता करते थे आपकी।"

मी म्हणाले, मी ठीक आहे. त्यांना फोन देता का?

"बोलेंगे, लेकिन आवाज़ बहुत धीमी हो गई है। समझ में नहीं आएगा।"

तिनं फोन त्यांच्या तोंडापाशी धरला असावा. मी सगळं एका दमात सांगितलं. नोकरी बदलली, तुम्हाला सांगितलं नाही, ती उत्तरं माझी नव्हती, यंत्राची होती, नाव मीच घातलं होतं, माफ करा. मग पलीकडून एक बारीक घरघर सुरू झाली. ते बोलत होते. बरंच बोलत होते, मधे श्वास घेऊन पुन्हा बोलत होते. त्यातला एक शब्दही मला लागला नाही. ते थांबले, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "हो काका. समजलं. आभारी आहे."

मुलीनं फोन घेतला. "क्या बोले, दीदी? हमको तो अब कुछ समझ में नहीं आता।"

"मलाही नाही कळलं," मी म्हणाले.

"तो आपने हाँ क्यों बोला?"

साधा प्रश्न होता, तिनं सहज विचारला. पण सहा महिने ते यंत्र त्यांच्याशी जे करत होतं, तेच मी आत्ता माझ्या तोंडानं केलं होतं.

"त्यांना परत द्या फोन," मी म्हणाले. "काका, मी खोटं बोलले. मला ऐकू आलं नाही. परत सांगा."

त्यांनी परत सांगितलं. मी दुसरा कान हातानं दाबून धरला, डोळे मिटले, तरी नाही कळलं. मी तसं सांगितलं.

मग काकांनी मोठा श्वास घेतला आणि तिसऱ्यांदा सुरुवात केली.